बसची पायरी आणि बाजाराचे गिऱ्हाईक

आमच्या कापडाच्या दुकानात वर्षानुवर्षे येणाऱ्या एक खाला हळूहळू येईनाशा झाल्या. चौकशी केली तेव्हा कळले, गुडघे दुखतात, बसच्या पायऱ्या चढवत नाहीत. रिक्षाने यावे तर कापडात वाचलेले पैसे भाड्यात जातात. बाजार होता तिथेच होता, पण पायरीमुळे त्यांच्यासाठी तो बंद झाला. असे गिऱ्हाईक प्रत्येक दुकानदाराने गमावलेले असते, फक्त त्याची नोंद वहीत होत नाही.

आपण कापडवाले, तेव्हा मापातच बोलू. जुन्या पद्धतीच्या बसचा तळ रस्त्यापासून सुमारे 900 मिलीमीटर, म्हणजे जवळजवळ एक वार उंच असतो. लो-फ्लोअर बसचा तळ 400 मिलीमीटरवर, अर्ध्या वाराच्याही आत येतो. दारात पायऱ्याच नसतात. ज्या बसमध्ये सोय असते तिथे चालक दाराची बाजू काही इंच खाली झुकवतो आणि फळी टाकली की चाकाची खुर्चीही आत जाते. पोटुशी बाई, लेकुरवाळी आई, गठ्ठा घेतलेला कारागीर, सर्वांनाच याचा फायदा. चढ-उतार लवकर झाल्याने बसही थांब्यावर कमी रखडते.

दिल्लीत 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या सुमारास अशा बस मोठ्या संख्येने आल्या. अहमदाबादेत 2009 साली सुरू झालेल्या ‘जनमार्ग’ने उलटा मार्ग धरला. तिथे बस उंचच ठेवली आणि थांब्याचा चौथरा तिच्या तळाइतका वर आणला. मालासाठी अहमदाबादला जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी ते चौथरे पाहिले असतील. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यानेही सार्वजनिक वाहने त्यांना वापरता येतील अशी असावीत, हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे.

पण नुसती बस आणून भागत नाही. फूटपाथ 6 इंच उंच असेल आणि बस त्याला अगदी चिकटून उभी राहिली, तर चढायला उरतात जेमतेम 10 इंच. तीच बस भर रस्त्यात थांबली, तर म्हातारी आधी फूटपाथवरून खाली उतरते आणि मग 16 इंच चढते. बस कडेला का येत नाही? कारण थांब्यापुढे आपल्याच स्कूटरी, माल उतरवणारा टेम्पो आणि हातगाडी उभी असते. फूटपाथवर आपलेच तागे मांडलेले असतात. व्यापारी बंधूंना हे कडू वाटेल, पण आम्हीही त्यात आहोत. थांब्यासमोर टेम्पो आम्हीही उभा केला आहे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक बाजाराच्या व्यापारी संघाने थांब्यापुढची जागा मोकळी ठेवण्याचे ठरवावे आणि माल उतरवण्याची वेळ सकाळी लवकरची बांधून घ्यावी. मग परिवहन खात्याला अर्ज करावा. त्यात ‘बस वाढवा’ एवढेच न लिहिता ‘400 मिलीमीटर तळाची बस द्या, फूटपाथ नीट करा आणि गतिरोधक ठरलेल्या मापाचे करा’ असे लिहावे. कारण मनमानी उंच गतिरोधकावर खालच्या तळाची बस घासते, आणि मग हीच सबब सांगून उंच बस घेतली जाते.

थांबा आपण मोकळा केला, तर बस मागण्याचा हक्क आपल्याला ठणकावून सांगता येईल.