उत्तरभागाची कसोटी : ‘एलियन्स’ आणि ‘टर्मिनेटर २’

यशस्वी कथेचा उत्तरभाग रचणें हें मोठें अवघड काम आहे. जुनेंच पुन्हा सांगावें तर प्रेक्षक कंटाळतो. अगदींच निराळें सांगावें तर आपली फसवणूक झाली असें त्याला वाटतें. या पेचांतून सहीसलामत सुटलेल्या अमेरिकन वैज्ञानिक चित्रपटांत ‘एलियन्स’ (१९८६) व ‘टर्मिनेटर २ : जजमेंट डे’ (१९९१) यांचीं नांवें नेहमीं जोडीनें घेतलीं जातात. दोहोंचा दिग्दर्शक एकच, जेम्स कॅमेरॉन. दोहोंत एक झुंजार स्त्री, आणि दोहोंत तिनें जपावयाचें एक मूल. तेव्हां या जोडींत श्रेष्ठ कोणता, हा वाद रसिकांत आजवर रंगत आला आहे यांत नवल नाहीं. मात्र या वादांत दोन निराळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. चित्रपट म्हणून अधिक बांधेसूद कोणता, हा एक. आणि पूर्वकथेचा उत्तरभाग म्हणून अधिक सार्थ कोणता, हा दुसरा.

‘एलियन’ हा मूळ चित्रपट रिडली स्कॉट यांनीं १९७९ सालीं काढला. अंतराळांतून चाललेलें एक यान, त्यावर सात जण, आणि अंधारांत दबा धरून बसलेला एक परका जीव, एवढीच त्याची सामुग्री. सातांपैकीं एकटी रिप्ली तेवढी वांचते. कॅमेरॉन यांनीं हीच भीति पुन्हा उगाळली नाहीं. ५७ वर्षांच्या दीर्घ निद्रेनंतर रिप्ली जागी होते, तों तो जीव जेथें प्रथम सांपडला त्या उजाड ग्रहगोलावर माणसांनीं वसाहत केलेली असते. पुढें वसाहतीशीं संपर्क तुटतो, आणि सशस्त्र सैनिकांच्या तुकडीबरोबर रिप्लीला तेथें परत जावें लागतें. वसाहतींत न्यूट नांवाची एक लहान मुलगी तेवढी सुखरूप सांपडते. शस्त्रांचा अभिमान बाळगणारे सैनिक तर पहिल्याच चकमकींत कोलमडतात. एकाचे अनेक शत्रू झाले, आणि भयकथेची युद्धकथा झाली. अखेरीस त्या मुलीसाठीं रिप्ली एकटी त्या बिळांत उतरते, तेथें अंडीं घालणाऱ्या राणीशीं तिची गांठ पडते, आणि शेवटचा झगडा दोन मातांचा ठरतो.

ही राणी संगणकाची करामत नव्हे. सुमारें चौदा फूट उंचीची ती बाहुली स्टॅन विन्स्टन यांच्या कारागिरांनीं घडविली. रिप्लीची स्वतःची मुलगी आईच्या निद्राकाळांत म्हातारी होऊन वारली, हें सांगणारा प्रसंग १९८६ च्या प्रतींतून गाळला होता. विस्तृत प्रतींत तो पुढें आला. तो नसतांहि चित्रपटांतील वात्सल्य उणें पडत नाहीं. सिगर्नी वीव्हर यांचें नांव या भूमिकेसाठीं ऑस्कर पारितोषिकाच्या यादींत आलें; असा मान या जातीच्या चित्रपटांतील नटीला क्वचितच मिळे.

‘टर्मिनेटर’ (१९८४) हा अल्प भांडवलावर काढलेला चित्रपट. भविष्यकाळीं यंत्रें आणि मानव यांचें युद्ध जुंपलें आहे. मानवांचा जो पुढारी व्हावयाचा, तो जन्मालाच येऊं नये म्हणून त्याच्या आईला, सारा कॉनरला, ठार करण्यासाठीं एक मनुष्यरूपी यंत्र भूतकाळांत पाठविलें जातें. ती भूमिका अर्नोल्ड श्वार्झनेगर यांची. सात वर्षांनंतरच्या चित्रपटांत त्याच चेहऱ्याचें यंत्र पुन्हा येतें, पण आतां तें दहा वर्षांच्या जॉनच्या रक्षणासाठीं. मारेकरी दुसराच आहे : पाऱ्यासारखा वितळणारा, वाटेल तें रूप घेणारा. रॉबर्ट पॅट्रिक यांनीं साध्या अंगकाठीच्या पोलिसाच्या वेषांत तो रंगविला, आणि इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेनें त्याचीं रूपांतरें संगणकावर चितारलीं. तीं पडद्यावर अवघीं कांहीं मिनिटें दिसतात; पण चित्रपटाच्या तंत्राला त्यांनीं नवें वळण लाविलें. ‘एलियन्स’ला सुमारें १ कोटी ८० लाख डॉलर खर्च आला होता; येथें तो १० कोटींच्या आसपास गेला. ऑस्कर पारितोषिकें पहिल्याला दोन, दुसऱ्याला चार. पण भांडवल आणि पारितोषिकें यांवरून असे वाद मिटत नाहींत.

खरी तुलना दोहोंतील एका समान धाग्यावरून करतां येते. दोन्ही पूर्वकथांत यंत्रमानव घातकी आहे. ‘एलियन’मधील ॲश रिप्लीच्या जिवावर उठतो, म्हणून पुढें बिशप या दुसऱ्या यंत्रमानवाकडे ती संशयानेंच पाहते. बिशप मात्र आपण होऊन अरुंद नळींतून सरपटत जातो, यान बोलावून आणतो, आणि देह दुभंगला असतांहि न्यूटला धरून ठेवतो. रिप्लीचा संशय फिटतो खरा; पण ज्यानें दगा दिला तो निराळा, आणि ज्यानें विश्वास मिळविला तो निराळा.

‘टर्मिनेटर २’मध्यें कथा याहून पुढें जाते. जो चेहरा साराच्या समोर प्रत्यक्ष काळ होऊन उभा राहिला होता, त्याच चेहऱ्याच्या हातीं तिला पोटचा मुलगा सोपवावा लागतो. हें यंत्र जॉनच्या आज्ञेंत वागणारें आहे. अखेरीस, आपल्या मेंदूंतील सामुग्रीपासून तीच घोर यंत्रसत्ता पुन्हा उभी राहील हें जाणून, तें वितळलेल्या पोलादांत उतरावयास निघतें. जॉन रडत रडत ‘जाऊं नकोस’ अशी आज्ञा करतो. यंत्र ती मानीत नाहीं. स्वतःचा नाश स्वतः करण्याची मुभा त्याला नाहीं, म्हणून त्याला खालीं सोडणारी कळ सारा दाबते. त्याआधीं ती त्याच्याशीं हस्तांदोलन करते. ज्याचा तिनें इतकीं वर्षें द्वेष केला, त्याला ती मित्र म्हणून निरोप देते.

या चित्रपटांत दोष नाहींत असें नव्हे. पूर्वकथेंत भविष्यकाळांतून आलेला रीस हाच जॉनचा पिता. मग तें भविष्यच पुसून टाकलें तर जॉन आला कोठून, या शंकेचें उत्तर मिळत नाहीं. ‘एलियन्स’मध्यें असा सांधा कोठें उसवत नाहीं, पूर्वभाग न पाहिलेल्यालाहि तो पुरता कळतो. बांधणीच्या कसोटीला तोच अधिक उतरतो, हें मान्य केलें पाहिजे.

पण पूर्वभागावांचून उभें राहणें हें चित्रपटाचें बळ असलें, तरी उत्तरभागाचें तें खरें लक्षण नव्हे. ‘एलियन्स’ पाहिल्यानंतर ‘एलियन’ होता तसाच राहतो. ‘टर्मिनेटर २’ पाहिल्यानंतर मात्र ‘टर्मिनेटर’ पूर्वीसारखा पाहतां येत नाहीं. त्या निर्विकार चेहऱ्याकडे बघतांना, असाच चेहरा पुढें एका मुलासाठीं काय करणार आहे, याची आठवण मधें येते. म्हणून उत्तरभाग या नात्यानें पहिला मान त्याचा.

दोन्ही कथा पुढेंहि लांबविल्या गेल्या. ‘एलियन ३’मध्यें (१९९२) न्यूट आरंभींच मृत्यु पावते, ‘टर्मिनेटर : डार्क फेट’मध्यें (२०१९) बालवयांतील जॉन आरंभींच मारला जातो. ज्या मुलांसाठीं रिप्ली आणि सारा यांनीं जिवाचें रान केलें, तीं एकेका प्रसंगांत पुसलीं गेलीं. रसिकांचा वाद या दोन चित्रपटांपाशींच येऊन थांबतो, त्यांच्या पलीकडे जात नाहीं, याचें एक कारण हेंहि असावें.