चुंबकाचा फ्रीज खरा आहे, पण चुंबक किती जोरदार हवा?

वाशीमचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा मोबाईलवर एक व्हिडिओ हमखास फिरतो: चुंबकावर चालणारा फ्रीज, वीजबिल शून्य. असाच व्हिडिओ पाहून आमच्या नववीतल्या एका मुलीने विज्ञान प्रदर्शनासाठी जुन्या स्पीकरचा चुंबक काढला, लोखंडी खिळ्यांच्या जुडग्यात थर्मामीटर खोचलं आणि चुंबक जवळ नेऊन पाहिला. काहीच झालं नाही. "सर, दोन मिक्नातीस लावले, तरी पारा हलत नाही." (आमच्याकडे घरात मिक्नातीस आणि पुस्तकात चुंबक, दोन्ही चालतात.) आम्ही घाईत सांगून टाकलं, आणखी मोठा लाव, चुंबक दुप्पट तर परिणाम दुप्पट. बिचारीने शेवटी ठिबक सिंचनाचं मॉडेल नेलं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की आमचं उत्तरच चुकलं होतं. ते इथे दुरुस्त करतो.

चुंबकाने गारवा मिळतो ही गोष्ट खरी आहे. तिला मॅग्नेटोकॅलरिक परिणाम म्हणतात. घरी करून बघण्यासारखा तिचा एक चुलतभाऊ आहे: रुंद रबरबँड झटकन ताणून ओठाला लावा, कोमट लागेल. ताणलेलाच थोडा वेळ धरा, मग सैल सोडून पुन्हा ओठाला लावा, गार लागेल. चुंबकीय धातूत ताणण्याचं काम चुंबकीय क्षेत्र करतं. धातूचा प्रत्येक अणू एक चिमुकला चुंबक समजा. एरवी सगळे मधल्या सुट्टीतल्या पोरांसारखे वाट्टेल तिकडे तोंड करून असतात. क्षेत्र आलं की परिपाठाची घंटा झाल्यासारखे रांगेत येतात. त्यांची ही मोडलेली गडबड धातूच्या अणूंच्या थरथरीत जाते, म्हणून धातू तापतो. ती उष्णता पाण्याने काढून घ्यायची आणि मग क्षेत्र हटवायचं. रांग मोडते, त्या मोडण्याला लागणारी उष्णता धातू स्वतःतूनच देतो आणि थंड होतो.

आता जोराचा हिशोब. क्षेत्र टेस्लामध्ये मोजतात. एमआरआयचं मशीन सहसा 1.5 टेस्लाचं असतं, म्हणजे आपल्याकडच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीस हजार पटींहून जास्त. 1917 साली पिएर वाइस आणि ऑग्युस्त पिकार यांनी साधारण तेवढंच क्षेत्र निकेलला दिलं, तर तापमान वाढलं फक्त 0.7 अंश. तेही निकेल साडेतीनशे अंशांपर्यंत तापवलेला असताना. मग स्पीकरच्या चुंबकाकडून काय अपेक्षा करणार?

निकेल इतका का तापवला, यात आमची दुसरी चूक दडलेली आहे. प्रत्येक चुंबकीय धातूचं एक क्युरी तापमान असतं. त्याच्या बरंच खाली अणू आधीच आपापल्या गटात रांगेत असतात, नवं काही घडायला जागा नसते. बरंच वर गेलं तर उष्णतेचा दंगा इतका की घंटा ऐकूच येत नाही. परिणाम सर्वांत मोठा मिळतो तो क्युरी तापमानाजवळ. लोखंडाचं ते 770 अंश, म्हणजे खिळे आमच्या वर्गात कधीच साथ देणार नव्हते. गॅडोलिनिअम या धातूचं मात्र सुमारे 20 अंश. एमआरआयच्या वेळी काही रुग्णांना जे इंजेक्शन देतात, त्यात याच धातूचं संयुग असतं.

गॅडोलिनिअमला 1 टेस्ला दिला तर जवळपास 3 अंशांचा फरक पडतो. 2 टेस्लाला साडेपाचच्या आसपास, 5 टेस्लाला 11 ते 12. वाढ आहे, पण क्षेत्र पाचपट होऊनही फरक पाचपट होत नाही. क्युरी तापमानाजवळचा ढोबळ नियम असा की क्षेत्र आठपट केलं तर परिणाम चारपट. कारण सरळ आहे, ऐकणारी पोरं आधीच रांगेत आली, उरली ती हट्टी. क्युरीच्या बरंच वर उलटी गंमत: क्षेत्र दुप्पट केलं की परिणाम चारपट, पण मूळ परिणामच नगण्य असतो.

जोर नेहमी उष्णतेच्या दंग्याशी तोलून बघावा लागतो. 1933 साली अमेरिकेत बर्कलेला विल्यम जिओक आणि मॅकडुगल यांनी गॅडोलिनिअमचं क्षार आधी 1.5 केल्विनपर्यंत थंड केलं. तिथून फक्त 0.8 टेस्लाच्या बळावर ते 0.25 केल्विनला पोचले. इतक्या थंडीत दंगाच नसतो, म्हणून छोटं क्षेत्रही पुरतं. जिओक यांना 1949 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

खोलीच्या तापमानाला मात्र जोर लागतो आणि तिथेच गाडी अडते. 1976 मध्ये जी. व्ही. ब्राउन यांनी 7 टेस्ला वापरून, त्याच गॅडोलिनिअमला पुन्हा पुन्हा फेऱ्या देत, दोन टोकांत 47 अंशांचा फरक पाडला. पण असल्या क्षेत्राला अतिशीत वीजचुंबक लागतो, तो स्वयंपाकघरात कुठे ठेवणार? कायमचे निओडिमिअम चुंबक कौशल्याने रचले तर साधारण दीड टेस्लापर्यंत जाता येतं. म्हणून कमी क्षेत्रातही जास्त फरक देणारे मिश्रधातू शोधणं चालू आहे. आपल्या मुंबईतही कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पवईच्या आयआयटीत अशा संयुगांवर काम झालं आहे. आणि वीजबिल शून्य? चुंबक फिरवायला मोटर लागते, पाणी खेळवायला पंप लागतो. वाचतो तो कॉम्प्रेसर आणि त्यातला गॅस. त्या व्हिडिओखाली कुणी आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका.

हे सगळं त्या मुलीला सांगितलं. ती आता दहावीत आहे. तिचा लगेच सवाल, "सर, 20 अंशांचा धातू आपल्या वाशीमच्या 43 ला काय करणार?" बरोबर पकडलं. एकटा गॅडोलिनिअम पुरणार नाही. वेगवेगळ्या क्युरी तापमानांच्या मिश्रधातूंचे थर एकापुढे एक लावावे लागतात, गरम टोकाला चाळिशीच्या पुढचा, थंड टोकाला शून्याजवळचा. त्यांचं चित्र ती सध्या वहीत काढते आहे.