आपोआप उगवलेल्या वड-पिंपळाच्या रोपांचे वामनवृक्ष

पावसाळा सुरू झाला म्हणजे जुन्या वाड्यांच्या भिंती, विहिरींचीं बांधकामें व छपरांच्या पन्हळी यांत वड, पिंपळ व उंबर यांचीं रोपें दिसूं लागतात. हीं कोणी लावलेलीं नसतात. साळुंक्या, बुलबुल, वटवाघळें इत्यादि प्राणी फळें खातात, आणि त्यांच्या विष्ठेंतील बारीक बीं ओलावा सांपडेल तेथें रुजतें. महसूल खात्यांतील नोकरीमुळें आम्हांस अनेक गांवच्या चावड्या व वाडे पाहण्याचा योग आला. पिंपळ न फुटलेली जुनी भिंत क्वचितच आढळली. असें रोप लहान असतां त्याची उपेक्षा होते. मोठें झाल्यावर पिंपळ तोडण्यास कोणी धजत नाहीं. आणि मुळ्या जाड होऊन शेवटीं भिंत फुटते. वरचेवर छाटलें तरी बुंध्यापासून तें पुन्हां फुटतेंच. भिंत वांचावी व झाडही जगावें असें वाटत असल्यास त्या रोपाचा वामनवृक्ष करणें हा उत्तम उपाय होय.

उथळ भांड्यांत झाड वाढविण्याची ही कला मूळ चीन देशांतील. जपानांत ती बोन्साय या नांवानें भरभराटीस आली. डोंगरांत आपोआप वाढलेलें झाड उचलून कुंडींत आणण्यास तिकडे यामादोरी म्हणतात. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोंतील कांहीं बागवानांनीं १९२५ सालीं ओमिया येथें या धंद्याची स्वतंत्र वसाहतच केली. झाडास उपाशी ठेवून खुरटें करणें म्हणजे बोन्साय, असा समज आपल्याकडे आहे. तो चुकीचा होय. मुळ्या व फांद्या यांची छाटणी बेतानें करून दोहोंचा मेळ राखणें, हेंच यांतील रहस्य आहे.

प्रथम मालकीचा विचार करावा. दुसऱ्याच्या जागेंतील रोप त्यास विचारल्यावांचून घेऊं नये. राखीव वनांतून परवानगीशिवाय झाडें नेणें हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यानें गुन्हा आहे. किल्ले व संरक्षित देवळें यांच्या भिंतींस तर पुरातत्त्व खात्याच्या संमतीवांचून हातच लावूं नये.

रोपाची निवड.— करंगळीइतकें जाड व बुडाशीं फुगीर असें रोप घ्यावें. नवशिक्यास वड सर्वांत सोपा. त्यास नव्या मुळ्या लवकर फुटतात. पिंपळाचें पान मोठें असल्यामुळें फार ठेंगणें झाड शोभत नाहीं. त्यास दीड-दोन फूट उंच होऊं द्यावें. चिंचेखालीं उगवलेलीं रोपेंही बारीक पाल्यामुळें सुंदर दिसतात. मात्र त्यांचें सोटमूळ खोल जातें, म्हणून तीं वीतभर असतांनाच काढावीं.

काढणी.— मृगाचे दोन-तीन पाऊस होऊन भिंत भिजली म्हणजे हें काम करावें. रोप ओढून उपटूं नये. मूळ तुटून आंत राहतें व पुन्हां फुटतें. छिनीनें भोंवतालचा चुना हलकेच मोकळा करून तंतुमुळांसह रोप सोडवावें. भिंतीवर छपराचा भार असल्यास गवंडी बोलवावा. मुळ्या तुटल्यावर पूर्वीइतक्या पानांस पाणी पुरत नाहीं; म्हणून बहुतेक पानें खुडून टाकावीं व मुळ्या ओल्या गोणपाटांत गुंडाळाव्या. चीक डोळ्यांत जाऊं देऊं नये. भिंतींतील भोंक त्याच दिवशीं बुजवावें.

पहिलीं दोन वर्षें.— पुष्कळ लोक येथेंच घाई करितात. काढलेलें रोप लगेच उथळ भांड्यांत घातल्यास जगलें तरी काडीसारखें राहतें. तें मोठ्या कुंडींत किंवा वाफ्यांत लावून पंधरा दिवस सावलींत ठेवावें, व नंतर उन्हांत मोकळें वाढूं द्यावें. भरपूर पालवीवांचून खोड जाड होत नाहीं. मनाजोगें खोड झालें म्हणजे शेंडा कापावा. खालून फांद्या फुटतात.

भांडें व माती.— मग पुढील पावसाळ्याच्या आरंभीं रोप काढून खालच्या जाड मुळ्या छाटाव्या व तें उथळ भांड्यांत बसवावें. भांड्याच्या बुडास दोन तरी भोंकें असावीं व त्यांवर खापरी ठेवावी. पोयटा दोन भाग, विटांचा चुरा दोन भाग व कुजलेलें शेणखत एक भाग असें मिश्रण करावें. विटांची धूळ चाळून टाकावी, नाहीं तर पाणी तुंबून मुळें कुजतात. दर दोन वर्षांनीं माती बदलून सुमारें तिसरा हिस्सा मुळें छाटावीं.

छाटणी व तार.— नव्या फांदीस पांच-सहा पानें आलीं कीं दोन ठेवून शेंडा खुडावा. फांदी वळवावयाची असल्यास ॲल्युमिनियमची मऊ तार सैलसर गुंडाळावी. पावसाळ्यांत वड-पिंपळ झपाट्यानें वाढतात व तार सालींत रुतते. म्हणून दर आठवड्यास पाहावें व रुतण्यापूर्वीं ती तुकडे करून काढावी. उलट गुंडाळी सोडवूं गेल्यास फांदी मोडते.

पाणी.— थोड्या मातीस ओल धरवत नाहीं. उन्हाळ्यांत सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावें. एक दिवसाची गफलत अनेक वर्षांचें झाड घालविते. झाड दिवाणखान्यांत ठेवूं नये. त्याचें स्थान अंगणांत, उन्हांत.

या कामास पैसा थोडा व धीर फार लागतो. वाचकांनीं येत्या मृगांत आपल्या घराच्या व विहिरीच्या भिंती एकवार न्याहाळाव्या. जें रोप दहा वर्षांनीं भिंत पाडणार, तेंच आज काढल्यास अंगणांत नातवंडांपर्यंत टिकेल, आणि भिंतही उभी राहील.