रोहिणीचे पाणी आणि आपला वाटा

आमच्या अभ्यासवर्गात पर्यावरणाचा विषय निघाला की एखादा विद्यार्थी हमखास म्हणतो, "सर, झाडे, नद्या, वाघ हे पोट भरलेल्यांचे विषय. आपला विषय न्यायाचा." त्याचे म्हणणे रागाने उडवून लावण्यासारखे नाही. ज्याच्या आजीला गावच्या विहिरीची पायरी कधी चढू दिली नाही, त्याला 'निसर्ग सर्वांचा आहे' हे वाक्य पोकळ वाटले तर त्यात त्याचा काय दोष? तरीसुद्धा आम्हांस असे वाटते की, त्याने दोन निरनिराळ्या खात्यांत टाकलेल्या या गोष्टी आपल्या परंपरेत कधी वेगळ्या नव्हत्याच. आपल्याकडील विचारवंत, कवी आणि नाटककार त्यांविषयी एकमेकांशी बोलत आलेले आहेत, कधी कधी तर शतकांच्या अंतराने. त्या बोलण्यातील पाण्याचा धागा येथे उलगडून दाखवावयाचा आहे.

सुरुवात रोहिणी नदीपासून करू. ही नदी नेपाळच्या तराईतून उतरते व गोरखपूरजवळ राप्तीला मिळते. तिच्या एका अंगाला शाक्य आणि दुसऱ्या अंगाला कोलिय असे दोन गण नांदत होते. नदीवर बांध एकच होता आणि दोन्हीकडची शेते त्याच पाण्यावर पिकत. धम्मपदाच्या अट्ठकथेत आलेली हकीकत अशी : ज्येष्ठ महिन्यात पिके सुकू लागली. कोलियांकडील मजूर म्हणाले, पाणी वाटून घेतले तर दोघांनाही पुरायचे नाही; आमचे पीक एका पाळीत हाती येईल, तेव्हा पाणी आम्हांला घेऊ द्या. शाक्यांकडील मजुरांनी उत्तर दिले, म्हणजे तुमची कोठारे भरल्यावर आम्ही टोपल्या घेऊन तुमच्या दारी यायचे काय? आमचेही पीक एकाच पाळीचे आहे. बोलाचाली वाढली, हात उठले, कुळांचा उद्धार झाला आणि अखेर दोन्ही गणांचे योद्धे शस्त्रे घेऊन नदीकाठी उभे राहिले.

तथागत तेथे आले आणि त्यांनी भांडणाचे कारण विचारले. राजे म्हणाले, आम्हांस ठाऊक नाही. मग उपराजाला, सेनापतीला, असे विचारत विचारत प्रश्न खाली आला, तो थेट शेतात राबणाऱ्या दास आणि मजुरांपर्यंत. त्यांनी सांगितले, भांडण पाण्याचे आहे. पुढे तथागतांनी पाण्याचे मोल आणि माणसाच्या रक्ताचे मोल यांची तुलना करून युद्ध थांबविले. कथेचा हा उत्तरार्ध सर्वांना पाठ असतो. आम्हांला मात्र मधला भाग अधिक मोलाचा वाटतो. जे मरायला आणि मारायला निघाले होते त्यांना कारण माहीत नव्हते. ते माहीत होते बारे धरणाऱ्याला. आणि तथागतांनी त्याला विचारले.

ही रोहिणी मराठीत एका वेगळ्या वाटेने आली. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले आचार्य धर्मानंद कोसंबी हे पालीचे थोर पंडित. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडले, ही प्रचलित कथा त्यांना पटली नाही. सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्ताकडे त्यांनी लक्ष वेधले. त्यात आटत्या पाण्यातील माशांसारखी तडफडणारी आणि एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसे पाहून मनात भय उपजल्याचे वर्णन आहे. शाक्य-कोलियांच्या कलहाचा आणि गृहत्यागाचा संबंध त्यांनी जोडला व पुढे याच विषयावर 'बोधिसत्त्व' हे नाटकही लिहिले. एका पंडिताला आपले संशोधन सांगण्यासाठी रंगभूमीकडे वळावेसे वाटले, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात हाच धागा पक्का केला. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा वा प्रेत पाहिले नव्हते, हे कसे मानावे, असा त्यांचा रोकडा सवाल आहे. त्यांच्या मांडणीत सिद्धार्थ शाक्य संघाचा सभासद आहे. रोहिणीच्या पाण्यावरून दोन्हीकडील सेवकांत मारामारी होते आणि सेनापती युद्धाचा ठराव आणतो. सिद्धार्थ म्हणतो, आधी चौकशी होऊ द्या. आपण आपले दोन निवडू, कोलियांनी त्यांचे दोन निवडावेत, या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्या पाचांनी वाद मिटवावा. बहुमत त्याच्या विरुद्ध जाते. सैन्यात जाण्यास तो नकार देतो आणि घरच्यांवर बहिष्कार व जप्ती येऊ नये म्हणून स्वतः परिव्रज्या पत्करतो.

पुढे त्याला वाटेत बातमी मिळते की, दोन्ही गणांत शांततेची चळवळ होऊन रोहिणीच्या पाणीवाटपासाठी कायमचे लवाद मंडळ नेमले गेले आहे. हे लिहिणारा माणूस कोण, हे येथे आठवले पाहिजे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज हे विषय बाबासाहेबांकडे होते. १९४३ च्या महापुरानंतर दामोदर नदीच्या बहुउद्देशीय योजनेची पायाभरणी त्यांच्या कारकिर्दीत झाली. राज्यघटनेतील २६२ वे कलम आंतरराज्यीय नद्यांच्या वादांविषयी आहे. तेव्हा त्यांच्या ग्रंथात नदीचा लवाद यावा, हा आम्हांस योगायोग वाटत नाही. आणि तरीही त्यांचा सिद्धार्थ ही बातमी ऐकून घरी परतत नाही. युद्ध मिटले, पण वर्गावर्गांतील कलह तर रोजचाच आहे, त्याचे काय, हा प्रश्न घेऊन तो पुढे चालू लागतो.

या प्रश्नाला आपल्याकडे महाड असे नाव आहे. लवाद दोन पक्षांत होतो. ज्याला पक्षच मानलेले नाही, त्याने कोणत्या लवादाकडे जावे? १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचे ठरविले. तरी ओंजळभर पाणी कोणी घेऊ शकला नाही. मार्च १९२७ च्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. तळे भरलेले, आणि त्याच गावात पाणी विकत! टंचाई पावसाची नव्हती. २० मार्चला बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागून हजारोंनी ते पाणी प्राशन केले, तेव्हा तळे 'बाटले' म्हणून त्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतण्यात आल्या. शेण आणि गोमूत्र पाण्यात घालून पाणी शुद्ध होते, असे मानणाऱ्या समाजाला प्रदूषण या शब्दाचा अर्थ कसा समजावून सांगावा? खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने अनादी रूढीचा दावा सिद्ध झाला नाही, असा निकाल दिला.

प्रदूषणाचेच पाहा. नदीकाठच्या अनेक गावांत आपला पाणवठा प्रवाहाच्या खालच्या अंगाला असे. वरच्या अंगाला सवर्णांचे पाणी भरणे, मग गुरे, मग कपडे, आणि ते सर्व वाहून आले की आपली घागर. नदीच्या प्रदूषणाचा हा शेवटचा टप्पा आपल्या पूर्वजांनी शास्त्रज्ञांच्या किती आधीपासून भोगलेला आहे!

महात्मा फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या दृष्टीने पुन्हा वाचावा. जंगलखात्याने शेतकऱ्यांची चराऊ राने घेतल्याबद्दलचा संताप आणि पाणी मुरावे म्हणून ताली-बंधारे घालण्याच्या सूचना एकाच पुस्तकात आहेत. पुढे अकोले तालुक्यात जन्मलेल्या दया पवारांनी धरणावर राबणाऱ्या बाईच्या तोंडी एक गाणे घातले. ते मोर्च्यांतून गावोगाव पोचले. त्याच तालुक्यात प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि त्याच्या कालव्यांचे पाणी खालच्या ऊसपट्ट्याला गेले. धरण बांधणारी बाई ते बांधते कोणासाठी, हा प्रश्न त्या गाण्याच्या पोटात आहे. बाबासाहेबांनी ज्या मोठ्या धरणांवर आशा ठेवली त्यांच्यावर हा आक्षेपच आहे, आणि तो आपल्याच घरातून आलेला आहे, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. दामोदर खोऱ्यातही विस्थापितांत आदिवासी मोठ्या संख्येने होते.

मग वाटप कसे करावे? याचे प्रत्यक्ष प्रयोग महाराष्ट्रात झालेले आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिचे नियम थोडके होते. पाणी जमिनीच्या मानाने न देता माणसांच्या मानाने द्यायचे : माणशी अर्धा एकर, कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर जात नाही. ऊस लावायचा नाही. यातील भूमिहीनाचा नियम आम्हांस सर्वांत क्रांतिकारक वाटतो, कारण आपल्यातील बहुसंख्यांकडे जमीन नव्हती आणि जमिनीला चिकटलेले पाणी त्यांच्या वाट्याला कधीच येणार नव्हते. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर, खानापूर तालुक्यात, मुक्तिसंघर्ष चळवळीने लोकांच्या पुढाकाराने बळीराजा धरण उभे केले. ठेकेदार नदीची वाळू उपसून नेत होते. गावकऱ्यांनी नदीच्या वाळूचा पैसा नदीच्याच धरणाला लावला, आणि भूमिहीनांसह सर्व कुटुंबांना समान पाणी हे तत्त्व ठेवले. या चळवळीत भारत पाटणकर आणि गेल ऑम्वेट ही दोघे होती. गेल ऑम्वेट (१९४१-२०२१) या अमेरिकेत जन्मल्या, कासेगावात राहिल्या आणि भारतातील बौद्ध धम्मावर त्यांनी २००३ साली ग्रंथ लिहिला. येरळेचे पाणी आणि धम्माचा इतिहास हे दोन्ही विषय एकाच लेखणीत होते.

विद्यार्थ्यांना एक काम सुचवितो. पुस्तके वाचालच, पण त्याआधी आपल्या आजीला, मावशीला, शेजारच्या म्हाताऱ्या बाईला विचारा. घागर त्यांच्या डोक्यावर होती. आपला पाणवठा कोठे होता, वरच्या अंगाला कोण पाणी भरीत असे, उन्हाळ्यात झरा किती हात खोल जाई, कोणी वरून ओंजळीत पाणी ओतीत असे का, विहीर कोणत्या साली खुली झाली आणि ती खरोखर खुली झाली काय? सांगणारीच्या शब्दांत, गावाच्या नावासह, वहीत लिहून घ्या. वही पुढच्या अभ्यासवर्गाला घेऊन या. तेथे ती वाचून दाखविता येईल.