आमदारांचा प्रश्न आणि आपला मोबदला



आपल्या मावळात भाताची लावणी ऐन भरात येते, त्याच सुमारास मुंबईत विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन भरते. इकडे इंद्रायणीची रोपे चिखलात बसत असतात आणि तिकडे सभागृहात प्रश्नोत्तरे चाललेली असतात. त्या प्रश्नोत्तरांचे वर्तमानपत्रातले पान आपण बहुधा न वाचताच उलटतो. त्याचा आपल्या पेटीतल्या कागदांशी काय संबंध आहे, तेवढे आज सांगावयाचे आहे.

गेल्या पावसात पवन मावळातील एका गावी बियाण्याच्या कामासाठी गेलो होतो. काम झाले, चहा झाला, आणि घरचे आजोबा आतून पत्र्याची पेटी घेऊन आले. रस्त्यासाठी जमीन गेलेली. मोबदला कमी मिळाला म्हणून वाढीव मोबदल्याचा दावा केलेला. दावा केला त्यांच्या थोरल्या भावाने. ते वारले, वारसांची नावे लागली, तारखा मात्र चालूच. आजोबा म्हणाले, "साहेब, आमच्या दाव्याचा निकाल का लागत नाही, असा प्रश्न आमदारांकडून विधानसभेत लावता येईल का?"

मी म्हणालो, "नाही येणार."

आजोबांना राग आला. पण नियमच तसा आहे. जे प्रकरण न्यायालयापुढे आहे, त्याला न्यायप्रविष्ट म्हणतात, आणि त्याच्या गुणदोषांची चर्चा सभागृहात करीत नाहीत. उच्च न्यायालयाच्या किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या वागण्याची चर्चा तर विधानसभेत करताच येत नाही. राज्यघटनेच्या २११ व्या अनुच्छेदाने तशी मनाई आहे. आणि ते योग्यच आहे. आज तुमच्यासाठी आमदार कोर्टाला विचारू लागले, तर उद्या तुमच्या विरुद्ध बाजूसाठीही विचारतील.

तोवर चुलीपाशी बसलेली सूनबाई म्हणाली, "निकालाचं नका विचारू. पण कोर्टात माणसंच कमी असली, तर तेबी विचारायचं नाही का?"

सूनबाईंनी नेमके वर्मावर बोट ठेवले. निकाल काय द्यावा हे न्यायालयाचे काम. पण न्यायाधीशांच्या जागा किती मंजूर आहेत, त्यांतील किती रिकाम्या आहेत, इमारत कधी होणार, कारकून व टंकलेखक पुरेसे आहेत का, यांसाठी लागणारा पैसा सरकार देते, आणि सरकारच्या पैशाचा हिशेब मागण्याचा आमदारांना पूर्ण अधिकार आहे. विधी आयोगाने १९८७ साली आपल्या १२० व्या अहवालात दर दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश असावेत अशी शिफारस केली होती. त्या वेळी हे प्रमाण साडेदहाच्या आसपास होते. अलीकडे संसदेत सरकारने दिलेल्या उत्तरांत ते २१ च्या आसपास सांगितले गेले. हे आकडे आपणांस कळतात तेच मुळी कोणी तरी सभासदाने प्रश्न विचारला म्हणून.

आता या दिरंगाईची किंमत कोण भरते ते पाहू. जमीन संपादनाच्या १८९४ च्या कायद्यात अशी तरतूद होती की न्यायालयाने मोबदला वाढविला, तर वाढीव रकमेवर जमिनीचा ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी शेकडा ९ आणि त्यापुढे दरवर्षी शेकडा १५ या दराने व्याज देण्याचा हुकूम न्यायालय करू शकते. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही हेच दर राहिले. समजा, वाढीव मोबदला १ लाख रुपये ठरला आणि ताब्यानंतर दहा वर्षांनी रक्कम भरली गेली. पहिल्या वर्षाचे व्याज ९ हजार, पुढील नऊ वर्षांचे १ लाख ३५ हजार, एकूण १ लाख ४४ हजार. म्हणजे मुद्दल एक लाख आणि व्याज त्याच्या जवळजवळ दीडपट! शेतकऱ्याला वाटते, व्याज मिळते आहे, चला बरे झाले. पण ज्या वर्षी मुलीचे शिक्षण होते, विहीर खणायची होती, त्या वर्षी तो पैसा हातात नव्हता. आणि हे व्याज सार्वजनिक पैशातूनच जाते. तोच पैसा वेळेवर न्यायालयांवर खर्च केला असता तर, हा हिशेब कोणी तरी मांडायला हवा. आजोबांच्या दाव्याविषयी प्रश्न लागणार नाही. पण "पुणे जिल्ह्यात गेल्या पाच वर्षांत उशिरा दिलेल्या वाढीव मोबदल्यापोटी शासनाने व्याज म्हणून किती रक्कम दिली?" हा प्रश्न लागू शकतो. त्याच्या उत्तरात आजोबांचीही व्यथा आपोआप येते.

प्रश्न लावायचा म्हणजे काय, तेही सांगतो. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर इतर सभासदही उपप्रश्न विचारू शकतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. तारांकितांची यादी मोठी आणि वेळ एक तासाचा, म्हणून थोडेच प्रश्न प्रत्यक्ष पुकारले जातात. उरलेल्यांची उत्तरे छापील मिळतात. एखादी तातडीची बाब असेल तर लक्षवेधी सूचना देतात. प्रश्नाची भाषा ठरीव असते: "हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" उत्तरेही ठरीव: "होय", "हे खरे नाही", "अंशतः खरे आहे", "प्रश्न उद्भवत नाही".

माझी उभी नोकरी शेतीखात्यात गेली, म्हणून आतली गोष्ट सांगतो. "तारांकित आलाय" असा निरोप वरून आला की कार्यालयाची झोप उडते. जी फाइल चार वर्षे कपाटात होती ती संध्याकाळपर्यंत टेबलावर येते, कारण खाली सही करणाऱ्याला ठाऊक असते की हे उत्तर मंत्री सभागृहात वाचणार आणि ते खोटे निघाले तर हक्कभंगापर्यंत जाऊ शकते. मात्र प्रश्न मोघम असला तर उत्तरही मोघमच जाते. "मावळातील शेतकऱ्यांवर अन्याय होत आहे, हे खरे आहे काय?" याचे उत्तर "हे खरे नाही" असे एका ओळीत देता येते. गाव, वर्ष, गटांची संख्या आणि अर्जाची तारीख घालून विचारले, की पळवाट राहत नाही. अर्धवट उत्तरेही मी पाहिली आहेत, नाही म्हणत नाही.

या हक्काला जुना इतिहास आहे. कौन्सिलात प्रश्न विचारण्याची मुभा १८९२ च्या कायद्याने मिळाली. उपप्रश्नाची १९०९ मध्ये. मुंबई सरकारने १९०१ साली जमीन महसूल कायद्यात शेतकऱ्याला जाचक अशी दुरुस्ती आणली, तेव्हा फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले वगैरे सभासद विरोध नोंदवून सभेतून उठून गेले. बहुमत सरकारचेच होते, दुरुस्ती मंजूर झाली. पण ती गुपचूप झाली नाही.

आपल्याकडची अगदी जवळची गोष्ट २०११ सालची. पवना धरणाचे पाणी नदीत सोडून रावेतला उचलण्याऐवजी धरणापासून निगडीपर्यंत बंद नळाने न्यावे, अशी पिंपरी-चिंचवड महापालिकेची योजना होती. नदीकाठच्या शेतकऱ्यांना धास्ती होती की नदी कोरडी पडेल, विहिरी आटतील. शिवाय १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या धरणाच्या विस्थापितांपैकी अनेकांचे पुनर्वसन राहिलेलेच होते. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यांत एक बाई होती. तेव्हा मुंबईत अधिवेशन चालू होते. विषय सभागृहांत गाजला, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या सरकारला उत्तर द्यावे लागले, आणि निवृत्त न्यायमूर्तींचा चौकशी आयोग नेमला गेला.

इथेच पुष्कळांचे लक्ष सुटते. आयोग नेमला म्हणजे न्याय झाला असे नव्हे. चौकशी आयोगाच्या १९५२ च्या कायद्याप्रमाणे अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत सरकारने तो, त्यावर काय कारवाई केली त्या टिपणासह, विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. सहा महिने लोटले की विचारण्याचे काम आमदारांचे. आणि त्यांना आठवण करून देण्याचे काम, मला वाटते, आपले. सभागृहात मंत्र्यांनी दिलेली आश्वासने पुरी झाली का हे पाहायला आश्वासन समिती असते, हे तर बहुतेक गावांत कोणास ठाऊकही नसते.

पैशाचे प्रश्न मुख्यतः अर्थसंकल्पाच्या वेळी निघतात. प्रत्येक खात्याच्या मागण्यांना अक्षरे व आकडे असतात. आपल्या शेतीखात्याची डी-३. मागणीवर सभासद कपात सूचना देतात. शंभर रुपयांची कपात सुचवायची आणि त्या निमित्ताने एका गाऱ्हाण्यावर सरकारला बोलते करायचे, अशीही पद्धत आहे. शंभर रुपयांनी कोणाचे काही अडत नाही, पण उत्तर द्यावे लागते. झालेल्या खर्चाची तपासणी महालेखापरीक्षक करतात आणि त्यांचा अहवाल लोकलेखा समिती चाळते.

एका आकड्याने केवढे काम होते, याचे उदाहरण सिंचनाचे. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीच्या पुस्तकात असे दिसले की दहा वर्षांत राज्यातील ओलिताखालचे प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढले. खर्च मात्र सुमारे ७० हजार कोटी रुपये झाल्याचे सांगितले जात होते. आकडा कसा मोजला यावरून वाद झाला, पण सरकारला नोव्हेंबर २०१२ मध्ये श्वेतपत्रिका काढावी लागली, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी पथक नेमावे लागले आणि २०१४ मध्ये त्याचा अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागला.

दिल्लीतही हेच चालते. ग्राम न्यायालयांचा कायदा २ ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे. न्यायाधिकाऱ्याने गावोगाव जाऊन किरकोळ दावे चालवावेत, अशी त्याची कल्पना. प्रत्येक ग्राम न्यायालयाच्या उभारणीसाठी केंद्राची १८ लाख रुपयांपर्यंत मदत ठरलेली. तरीही संसदेतील उत्तरांवरून दिसते की साऱ्या देशात अधिसूचित ग्राम न्यायालये ५०० देखील झाली नाहीत. खासदारांना पत्र लिहायला हा विषय चांगला आहे.

मी सरकारी नोकर. प्रश्न लिहून देणे माझे काम नव्हे. पण पिकाचा नमुना तपासणीला कसा पाठवावा हे जसे सांगतो, तसे हेही सांगतो. अधिवेशन सुरू झाल्यावर धावून उपयोग नाही. प्रश्नाची सूचना बऱ्याच दिवस आधी द्यावी लागते. म्हणून हिवाळी अधिवेशनासाठी गणपती-नवरात्रातच आमदारांना भेटा. एका पत्रात एकच विषय घ्या. सातबारा, संपादनाची नोटीस, निवाड्याची नक्कल आणि केलेल्या अर्जांच्या पोचपावत्या यांच्या झेरॉक्स जोडा, मूळ कागद देऊ नका. गावातील अशा सगळ्या खातेदारांची यादी एकत्र करा. एकट्याच्या गाऱ्हाण्यापेक्षा चाळीस खातेदारांची यादी वजनदार ठरते. आपल्या आमदारांना वेळ नसेल तर दुसऱ्या कोणत्याही मतदारसंघाचे आमदार किंवा विधान परिषदेचे सदस्यही प्रश्न विचारू शकतात. उत्तराची छापील प्रत मागून घ्या आणि पेटीत ठेवा.

आजोबांच्या सूनबाईंनी त्याच दिवशी वहीचे पान फाडून यादी करायला घेतली होती. पहिली अकरा नावे त्यांना तोंडपाठ होती. बाकीची लावणी उरकल्यावर घरोघरी जाऊन लिहिणार आहे, म्हणाल्या.