रॉयल जेली : राणीमाशीचे अन्न आणि आपली पेढी

गेल्या काही वर्षांत औषधांच्या, सुक्या मेव्याच्या आणि आता किराण्याच्याही दुकानांत ‘रॉयल जेली’ नावाची एक महागडी वस्तू दिसू लागली आहे. कधी ती लहान बरणीत मधात कालवलेली असते, कधी काचेच्या कुपीत असते, तर पुष्कळदा जिनसेंग व जीवनसत्त्वे ह्यांच्या संगतीने कॅप्सूलमध्ये भरलेली असते. वेष्टनावर मुकुट घातलेल्या माशीचे चित्र आणि खाली तारुण्य, उत्साह व दीर्घायुष्य ह्यांची आश्वासने! हा माल आपल्या फळीवर ठेवावा काय आणि घरातील वृद्धांना किंवा आजारातून उठलेल्यांना तो द्यावा काय, असे दोन प्रश्न आपल्या सभासद बंधूंपुढे उभे राहतात. पुष्कळांची समजूत अशी आहे की, हा मधाचाच एखादा प्रकार असावा. वस्तुस्थिती तशी नाही, आणि सारा विचार ह्या फरकावरच अवलंबून आहे.

मध हा फुलांतील मकरंदापासून होतो. रॉयल जेली माशीच्या शरीरातून स्रवते. कोवळ्या वयाच्या कामकरी माश्यांच्या डोक्यात ज्या ग्रंथी असतात, त्यांचा तो दुधासारखा पांढरट, दाट स्राव होय. ह्या दाई-माश्या प्रत्येक अळीला पहिले सुमारे तीन दिवस असाच रस भरवितात. पुढे कामकरी होणाऱ्या अळीच्या वाट्याला मध व पराग येतात. जिला राणी करावयाचे असते तिला मात्र अखेरपर्यंत ह्याच रसात ठेवले जाते. अंडे दोघींचे एकाच जातीचे असते. तरी राणी सोळा दिवसांत तयार होते आणि कामकरी माशीला एकवीस दिवस लागतात. राणी दोन ते पाच वर्षे जगते आणि भर हंगामात दिवसाला दीड-दोन हजार अंडी घालते; कामकरी माशी हंगामात पाच-सहा आठवड्यांतच संपते. जिनिव्हाच्या फ्रांस्वा ह्यूबर ह्या निसर्गशास्त्रज्ञाने आपली निरीक्षणे १७९२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तरुणपणीच त्याची दृष्टी गेली होती आणि मोहोळ तो आपल्या सेवकाच्या डोळ्यांनी पाहत असे, ही गोष्ट सहज नमूद करण्याजोगी आहे.

राणी दीर्घायुषी, राणी बहुप्रसवा, आणि राणी हाच रस खाते. तेव्हा माणसाने तो खाल्ला तर माणूसही तसाच होईल, असे जाहिरातीचे तर्कशास्त्र आहे. १९५४ साली पोप बारावे पायस गंभीर आजारी असता त्यांच्या वैद्यांनी त्यांना रॉयल जेली दिली, ही बातमी जगभर छापली गेली आणि ह्या मालाचे नाव एकदम दुमदुमले. त्याच आजारात त्यांच्यावर इतरही उपचार चालू होते, हे सांगण्याची तसदी जाहिरातदारांनी फारशी घेतली नाही. पोप १९५८ साली निवर्तले.

शास्त्रज्ञांनी ह्या रसाचे पृथक्करण पुष्कळ केले आहे. त्यात सुमारे दोन-तृतीयांश पाणी असते. बाकीचा भाग प्रथिने, शर्करा व थोडी स्निग्धद्रव्ये ह्यांचा. ‘१०-एचडीए’ ह्या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे एक आम्ल हा त्याचा विशेष. त्याच्या प्रमाणावरून मालाची अस्सलता तपासतात. पँटोथेनिक आम्ल हे ‘ब’ वर्गातील जीवनसत्त्वही त्यात भरपूर असते. पण ते शेंगदाण्यात आणि कडधान्यांतही मिळते, आणि त्यासाठी राणीच्या वाड्यावर जाण्याचे कारण नाही. अळीची राणी नेमकी कशाने होते हे कोडेही दिसते तितके सरळ नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली अळ्यांतील एका जनुकाचे कार्य दाबले, तेव्हा त्यांतील बहुसंख्य अळ्या राणीच्या लक्षणांनी बाहेर आल्या. २०११ साली एका जपानी संशोधकाने ह्या रसातील एका प्रथिनास राणीपदाचे श्रेय दिले, तर २०१६ साली जर्मनीतील संशोधकांनी त्या निष्कर्षाला आव्हान दिले. अळीच्या बाबतीत जेथे इतका वाद आहे, तेथे साठीच्या गृहस्थाला त्या रसाने तारुण्य येईल असे ठामपणे सांगणे धारिष्ट्याचेच म्हटले पाहिजे. रजोनिवृत्तीचा त्रास, रक्तातील कोलेस्टेरॉल अशा बाबतींत काही लहान प्रयोगांत थोडा गुण दिसला आहे. परंतु युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०११ साली रॉयल जेलीविषयीचे आरोग्यदावे तपासले व त्यांतील कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही असा निर्णय दिला.

अपायाची बाजू मात्र अशी संदिग्ध नाही. दमेकऱ्यांना आणि ज्यांना वावडे उठण्याची प्रवृत्ती आहे त्यांना ह्या रसाने तीव्र प्रतिक्रिया होऊ शकते. श्वास कोंडतो, क्वचित प्राणही जातो. दम्याचा विकार असलेल्या रुग्णाचा असा मृत्यू ऑस्ट्रेलियातील वैद्यकीय नियतकालिकात १९९४ साली नोंदला गेला आहे, आणि त्या देशात रॉयल जेलीच्या वेष्टनावर तशी स्पष्ट सूचना छापणे कायद्याने बंधनकारक आहे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिन घेणाऱ्या एका रुग्णास ती घेतल्यावर रक्तस्राव झाल्याचीही नोंद आहे. शक्तिवर्धक म्हणून जे लोक ती विकत घेतात, त्यांत वृद्ध, दमेकरी व हृदयविकाराची औषधे घेणारेच बरेच असतात, हे ध्यानात घ्यावे.

एवढ्यावर हा विषय कोणत्याही समाजाच्या व्यापाऱ्याला पुरे झाला असता. आपल्याला आणखी एका गोष्टीकडे पाहिले पाहिजे. ती म्हणजे हा माल निघतो कसा.

पोळ्यात राणीची घरे एरवी मोजकीच असतात. त्यामुळे व्यापारासाठी मेणाच्या वा प्लॅस्टिकच्या वाट्यांच्या रांगा लाकडी चौकटीवर बसवितात. प्रत्येक वाटीत बारीक सुईने एकेक दिवसाभराची अळी उचलून ठेवतात आणि ती चौकट पेटीत अशा जागी सोडतात की, माश्यांना राणी नाहीशी झाल्यासारखे वाटावे. दाई-माश्या घाईघाईने त्या वाट्या रसाने भरू लागतात. तिसऱ्या दिवशी रस सर्वांत अधिक असतो. पुढे वाटी बंद होते आणि अळी तो खाऊन टाकते. म्हणून तिसऱ्या दिवशीच चौकट बाहेर काढून, वाटीचा वरचा काठ कापून, चिमट्याने अळी उचलून टाकून देतात आणि खालचा रस काढून घेतात. एका वाटीत सुमारे पाव ग्रॅम रस मिळतो. जगात हा धंदा सर्वांत मोठ्या प्रमाणावर चीनमध्ये चालतो. रीत सर्वत्र हीच.

आता हिशेब मांडू. वाटीला पाव ग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमला चार अळ्या आणि किलोला चार हजार. ताज्या रसाचा पाचशे मिलिग्रॅमचा एक डोस म्हणजे दोन अळ्या. साठ डोसांच्या बाटलीत एकशेवीस. सुकविलेली पूड असेल तर पाणी उडाल्यामुळे आकडा सुमारे तिप्पट होतो, आणि तेवढ्याच वजनाच्या साठ कॅप्सूलांमागे तीनशे साठ अळ्या पडतात. वहीत मांडल्याखेरीज ही संख्या डोळ्यांपुढे येत नाही.

मधाबाबत आपल्याकडे एक जुना वाद आहे. पोळे पिळून, धूर करून मध काढण्याची रीत क्रूर होती हे सर्वांस मान्य. पण पेटीत पिलांचा कप्पा खाली व मधाचा वर असतो, यंत्राने मध काढून पोळे परत देता येते, म्हणून तो मध अहिंसक म्हणावा, असे ग्रामोद्योगाची मंडळी सांगत आली. त्या म्हणण्यात काही अर्थ आहे. आपल्या आचार्यांना मात्र तेवढ्याने समाधान वाटले नसते. समंतभद्राचार्यांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त मद्य व मांस ह्यांच्याबरोबर मधाचा त्याग श्रावकाच्या आठ मूलगुणांत घातला. अमृतचंद्राचार्यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त, पोळ्यातून आपोआप गळलेल्या मधातही त्याच्या आश्रयाने राहणाऱ्या जीवांचा घात होतो, असे दाखविले. हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त औषध म्हणून घेतलेल्या मधाचीही सुटका केली नाही. औषधाच्या अनुपानापुरता मध घेणारी घरे आपल्यात आहेत. त्यांचा न्याय करावयास मी बसलेलो नाही. पण मधाच्या बाजूने जो युक्तिवाद होतो, तो रॉयल जेलीच्या बाबतीत मुळातच उभा राहत नाही. येथे पिलांचा कप्पा आणि रसाचा कप्पा एकच. अळी असते म्हणून माश्या वाटी भरतात, आणि अळी काढून टाकल्यावाचून वाटी रिकामी करता येत नाही. मधमाशी ही चतुरिंद्रिय जीवांत गणली जाते, हे श्रावकास वेगळे सांगावयास नको.

“आम्ही खात नाही, केवळ विकतो,” असे काही बंधू म्हणतील. हेमचंद्राचार्यांनी श्रावकास वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत रसवाणिज्य सांगितले आहे, आणि त्यात मधाचा व्यापार नावानिशी येतो. ज्या पिढ्यांनी ह्या कारणास्तव धंदे सोडून दिले, त्यांच्याच पेढ्यांवर आपण बसलो आहोत. औषधाच्या दुकानात बसणारा आपला मुलगा म्हणेल की, आपण माल ठेवला नाही तर गिऱ्हाईक शेजारी जाईल. ते जाईलच. माझ्या मते जाऊ द्यावे. बाजारातील इतक्या वस्तूंपैकी एका वस्तूने दुकान बुडत नाही, आणि दमेकऱ्याच्या हाती ती बाटली देण्याची जबाबदारीही टळते.

हिरव्या ठिपक्यावर मात्र विसंबू नये. भारतीय नियमांत प्राणिज पदार्थ मांसाहारी धरताना जे अपवाद केले आहेत, त्यांत दूध, मध, मेण, लाख ह्यांची नावे आहेत. रॉयल जेलीचे नाही. शिवाय मऊ कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडांचे वा कातड्याचे असते. जीवनसत्त्वांच्या मिश्रणांत आणि चेहऱ्याला लावावयाच्या मलमांत ही वस्तू ‘बी मिल्क’ अशा नावानेही येते आणि घटकांच्या यादीत अगदी शेवटी, बारीक अक्षरांत असते. म्हणून कोणत्याही नव्या शक्तिवर्धकाची मागणी नोंदविण्यापूर्वी उत्पादकाकडून घटकांची संपूर्ण यादी आणि कॅप्सूलचे कवच कशाचे आहे ह्याचा खुलासा लेखी मागवून घ्यावा, आणि तो कागद बिलांच्या फायलीत जपून ठेवावा.