औषधे बाहेर फेकणाऱ्या पेशी

क्षयाचे जिवाणू आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन या दोन्ही मुख्य औषधांना दाद देईनासे झाले की त्या आजाराला बहुऔषधरोधी क्षय, रोजच्या बोलण्यात एमडीआर टीबी, म्हणतात. केमोथेरपीने आटोक्यात आलेला कर्करोग पुन्हा उलटतो तेव्हाही बरेचदा असेच घडते. पूर्वी लागू पडलेले औषध निरुपयोगी होतेच, पण रुग्णाला कधी दिलेच नव्हते असे औषधही चालत नाही. हा रोध औषधामुळे निर्माण होत नाही. जनुकांत होणारे बदल योगायोगाने होत असतात आणि औषध फक्त त्या बदलांची निवड करते, हे लुरिया आणि डेलब्रुक यांनी विषाणूंना तोंड देणाऱ्या जिवाणूंवरच्या प्रयोगातून १९४३ मध्येच दाखवून दिले होते.

अनेक औषधे एकत्र देण्यामागचे गणित याच योगायोगावर उभे आहे. क्षयाच्या साधारण १० लाख जिवाणूंमागे एक आयसोनियाझिडला आणि १० कोटींमागे एक रिफॅम्पिसिनला जात्याच दाद देत नाही. दोघांनाही दाद न देणारा जिवाणू शंभर लाख कोटींत एखादाच. फुप्फुसात पडलेल्या पोकळीत जिवाणू असतात दहा कोटींच्या आसपास, म्हणून दोन्ही औषधे नेमाने घेतली तर कोणी निसटण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. क्षयाच्या उपचारातला हाच धडा १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एमिल फ्राय आणि एमिल फ्रायराइख यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांसाठी वापरला. त्यांनी एकत्र दिलेल्या चार औषधांपैकी व्हिन्क्रिस्टीन हे अंगणातल्या सदाफुलीपासून मिळते. तोवर जवळपास हमखास मृत्यू ओढवणाऱ्या या आजारातून मुले बरी होऊ शकतात, हे या पद्धतीने दिसू लागले. वैद्यकाच्या इतिहासात एका रोगाचे शहाणपण दुसऱ्या रोगाच्या इतके कामी आल्याची उदाहरणे थोडी आहेत.

पण या गणितात एक गृहीत आहे: प्रत्येक औषधाला चुकवण्यासाठी जिवाणूत किंवा पेशीत वेगळा बदल व्हावा लागतो. १९७६ मध्ये टोरांटोत हे गृहीत डळमळले. ज्युलियानो आणि व्हिक्टर लिंग हे हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी कोल्चिसिनमध्ये वाढवत होते. पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात असते तेच हे विष. त्यातून तगलेल्या पेशी कोल्चिसिनशी संबंध नसलेल्या इतर औषधांनाही जुमानत नव्हत्या. त्यांच्या आवरणात एक भलेमोठे प्रथिन जागोजाग आढळले. त्याला पी-ग्लायकोप्रोटीन असे नाव मिळाले. आवरणातून औषध आत शिरण्यावरच त्याचा परिणाम होत असावा, अशी सुरुवातीची समजूत होती. १९८६ मध्ये त्याचे जनुक वाचले गेले आणि ते जिवाणूंमधल्या वाहक प्रथिनांशी जुळणारे निघाले. हे प्रथिन म्हणजे आत आलेले औषध बाहेर टाकणारा पंप होता.

या पंपाचे काम पाहण्याजोगे आहे. पेशीच्या आवरणात आरपार बसलेल्या या प्रथिनाच्या मधोमध एक ऐसपैस पोकळी असते आणि ती सुरुवातीला पेशीच्या आतल्या बाजूला उघडी असते. आवरणातल्या स्निग्ध थरात विरघळलेले औषध बाजूने तिच्यात शिरते. मग पेशीला ऊर्जा पुरवणारे एटीपीचे रेणू प्रथिनाच्या दोन टोकांना चिकटतात, ती टोके एकमेकांजवळ येतात, पोकळी बाहेरच्या बाजूला उघडते आणि औषध बाहेर फेकले जाते. पोकळीच्या भिंती पाण्याला दूर ठेवणाऱ्या अमिनो आम्लांच्या असल्याने तिथे ठरावीक आकाराचाच रेणू लागतो असे नाही. पुरेसा मोठा आणि स्निग्धप्रिय असला की पुरे. त्यामुळे व्हिन्क्रिस्टीन, डॉक्सोरुबिसिन आणि पॅक्लिटॅक्सेल यांच्या रचनेत साम्य नसले तरी तिघांची एकाच वाटेने रवानगी होते. एका बदलात अनेक औषधे बाद होतात आणि शक्यतांचा गुणाकार कोसळतो.

चीजच्या विरजणात वापरल्या जाणाऱ्या लॅक्टोकॉकस जिवाणूतही असाच एक पंप सापडला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याचे जनुक माणसाच्या फुप्फुसातल्या पेशींमध्ये घातले गेले. जिवाणूचा पंप मानवी पेशीच्या आवरणात व्यवस्थित बसला, कर्करोगावरची औषधे बाहेर टाकू लागला आणि मानवी पंपाला अडवणाऱ्या रसायनांनीच अडला. अर्थात, पी-ग्लायकोप्रोटीन हे कर्करोगाने शोधलेले हत्यार नाही, ती सजीवांची फार जुनी सोय आहे.

मग पंपच बंद का करू नये? रक्तदाबावरचे व्हेरापामिल व्हिन्क्रिस्टीनचा परिणाम पूर्ववत करते, असे जपानच्या त्सुरुओ यांनी १९८१ मध्ये दाखवले. पण तेवढे व्हेरापामिल माणसाच्या हृदयाला सोसत नाही. व्हाल्सपोडारसारखी खास घडवलेली औषधेही रुग्णांवरच्या चाचण्यांत अपेक्षेला उतरली नाहीत, कारण हाच पंप निरोगी आतडे, यकृत, मूत्रपिंड आणि मेंदूतल्या केशवाहिन्यांत पहारा देतो. तो अडवला की केमोची औषधे शरीरात रेंगाळतात आणि त्यांची मात्रा घटवावी लागते. हा पहारा किती मोलाचा आहे ते ॲमस्टरडॅममध्ये ध्यानीमनी नसताना कळले. पंपाचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांवर गोचिडांसारख्या बारीक किडींसाठी आयव्हरमेक्टिन फवारले गेले आणि ते उंदीर मेले. सामान्य उंदरांना काहीच झाले नाही. १९९४ मध्ये या निरीक्षणाचा उलगडा प्रसिद्ध झाला: पंपाअभावी औषध थेट मेंदूत साचले होते. हत्तीरोगाच्या मोहिमेत हेच औषध माणसांना निर्धोकपणे देता येते, त्यात या पंपाचा मोठा वाटा आहे.

म्हणून उपचारांचा भर आता पंप अडवण्यापेक्षा त्याच्या वाटेला न जाणारी औषधे निवडण्यावर आहे. क्षयात ही निवड सोपी नाही. एमडीआर टीबीसाठी अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळालेले बेडाक्विलिन जिवाणूची एटीपी बनवणारी यंत्रणाच थांबवते. त्याच्या जोडीला क्लोफाझिमिन हे कुष्ठरोगावरचे जुने तांबडे औषध अनेक रुग्णांना दिले जाते. दोघांची कामाची पद्धत वेगळी, पण जिवाणूतला एमएमपीएल-५ हा पंप दोघांनाही बाहेर काढतो. त्याला आवर घालणारे जनुक बिघडले की पंपांची संख्या वाढते आणि दोन्ही औषधांचा जोर एकदमच ओसरतो. दोन तासांत निकाल देणारी सीबीनॅट तपासणी रिफॅम्पिसिनच्या लक्ष्यात झालेला बदल टिपते, हा बिघाड तिला दिसत नाही. तो ओळखायला जिवाणू वाढवून त्यांच्यावर औषध तपासावे लागते, नाहीतर त्यांची जनुके वाचावी लागतात. जिवाणू वाढवण्यातच कित्येक आठवडे जातात आणि तेवढ्या काळात रुग्णाला औषध सुरू झालेले असते.